चाडची पूड, अंडं आणि ‘महिन्यात कमरेपर्यंत’

बायकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आफ्रिकी वंशाच्या बायकांचे दाट कुरळे केस मुळात वाढतच नाहीत. तरी चाड देशातल्या बायकांचे केस कमरेखाली येतात, कारण त्या ‘चेबे’ नावाची पूड लावतात. ती मुळांना चोळा, जोडीला अंडं-मेयोनीजचा लेप आणि भरपूर खोबरेल. प्रोटीन मिळतं, ओलावा मिळतो, महिन्यात केस कमरेपर्यंत, दुष्परिणाम शून्य.

‘केस वाढतच नाहीत’ इथेच पाया कच्चा आहे. हे केस महिन्याला साधारण पाऊण सेंटिमीटर वाढतात. युरोपीय वंशाच्या केसांपेक्षा वेग कमी, पण वर्षाला नऊ सेंटिमीटर म्हणजे काही थोडं नाही. मग लांबी दिसत का नाही? मुळाशी जेवढं येतं जवळपास तेवढंच टोकाला तुटतं म्हणून. असा केस जवळून पाहिला तर तो गोल नसतो, चपटा असतो, वळणावळणाला पीळ असतो आणि टोकाकडे स्वतःभोवतीच बसलेली मोहरीहून बारीक गाठ सापडते. कंगवा तिथे अडला की केस गेलाच. त्यात टाळूचं तेल इतकी वळणं पार करून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोकं कायम कोरडी.

आता पूड. चाडमधल्या बसारा समाजाच्या बायका ती मुळांना चोळत नाहीत, उलट टाळू मुद्दाम टाळतात! क्रोटॉन नावाच्या झुडपाच्या बिया, महलब (एका रानटी चेरीची सुगंधी बी), लवंग वगैरे भाजून कुटायचं, केस ओले करून तेल किंवा चरबी लावायची, लांबीवर पुडीचा थर द्यायचा आणि वेण्या घालून दिवसेंदिवस सोडायच्या नाहीत. केस ओला, वर स्निग्ध थर, आणि कंगवा-हाताळणी बंद, मग तुटणार कधी? चेबेने मुळातून नवे केस उगवतात असा पुरावा नाही. माझ्या मते यात निम्म्याहून जास्त श्रेय न सोडलेल्या वेण्यांचं आहे, पण वेणी पाकिटात भरून विकता येत नाही.

अंड्याचं प्रोटीन केसात शिरतं, हे तर सरळ चूक. अंड्यातल्या प्रोटीनचे रेणू केसाच्या खवल्यांतून आत जाण्याएवढे लहान नसतात. कंडिशनरच्या बाटलीवर ‘हायड्रोलाइज्ड’ प्रोटीन लिहिलेलं असतं ते तोडून बारीक केलेलं. त्यातलं थोडं आत जातं, बाकीचं वर पातळ थर धरतं. मेयोनीजने केस मऊ लागतात ते त्यातल्या तेलामुळे. तरीही लावायचंच असेल तर निदान गरम पाण्याने धुऊ नका. अंडं शिजतं आणि घट्ट कुरळ्या केसांतून भुर्जी वेचायला अख्खी दुपार जाते.

खोबरेलाच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातून निघून जाणारं प्रोटीन फक्त खोबरेलाने कमी झालं. लॉरिक आम्लाची साखळी लहान आणि सरळ, म्हणून ती आत मुरते. (संशोधन खोबरेल विकणाऱ्या कंपनीचं आहे हेही ध्यानात असू द्या.) पण तेल म्हणजे ओलावा नव्हे, त्यात पाण्याचा थेंबही नसतो. कोरड्या केसावर तेल थापलं तर कोरडा केसच तेलकट होतो. म्हणून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका घरी आधी पाणी, मग तेल, वर क्रीम असा क्रम ठेवतात. पश्चिम आफ्रिकेत शिया बटर (शिया झाडाच्या बियांतून काढलेली घट्ट चरबी) वापरतात तेही आतलं पाणी उडू नये म्हणून. ओलावा टिकवायचा तर क्रम महत्त्वाचा; तेल कुठलं, यावर भांडण्यात अर्थ नाही.

राहिलं ‘दुष्परिणाम शून्य’. लवंग आणि सुगंधी बिया नाजूक कातडीला झोंबू शकतात. कोंडा असेल तर टाळूवर तेलकट लेप ठेवून तो वाढतो, कारण त्यातली बुरशी स्निग्धांशावरच जगते. आणि करकचून वेण्या घालून कपाळालगतचे, कानशिलाजवळचे केस विरळ व्हायला लागले असतील, तर पूड, अंडं, खोबरेल सगळं बाजूला ठेवून आधी वेणी सैल करायची आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. हा ताण वर्षानुवर्षं चालू राहिला की मुळं कायमची जातात.