ओठ शिवला, आता दात आपोआप येतील?

"फाटका ओठ आणि टाळू शिवून घेतली की काम झालं. दात वाकडे आले तर समजा, शिवताना डॉक्टरांनी दाताचं मूळ कापलं. जादा दात दिसला की उपटून टाका. दुधाचे दात किडले तरी पडणारच आहेत. तारा अठरानंतर, हाडं पक्की झाल्यावर." शेवटी हात जोडलेले आणि 'ग्रहणात बाहेर पडू नका' हा बोनस सल्ला. ओठ-टाळू जन्मतः दुभंगलेल्या, माझ्याकडे येणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी हा मेसेज मला पाठवला. खाली एकच ओळ: "मॅडम, मग आपण थांबायचं का?"

ग्रहणाचं आधी उरकते. बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. दिवस गेलेत हे कित्येक बायकांना तेव्हा जेमतेम कळलेलं असतं. आनुवंशिकता, आईचं धूम्रपान, फिट्सवरची काही औषधं ही कारणं माहीत आहेत. ग्रहणाचा किंवा ग्रहणात हाताळलेल्या विळी-चाकूचा संबंध नाही.

आता 'मूळ कापलं'. वरच्या पटाशीच्या दातांतला दुसरा, म्हणजे सुळ्याच्या अलीकडचा दात, नेमका चेहऱ्याचे दोन भाग जिथे येऊन सांधतात त्या शिवणीवर तयार होतो. ही शिवण गर्भातच जुळली नाही तर हा दात कधी येतच नाही, कधी खुंटीसारखा बारका येतो, तर कधी फटीच्या दोन्ही बाजूंना एकेक असे दोन येतात. मापाची वीटच न मिळाल्यासारखं आहे हे. गवंड्याला दोष देऊन उपयोग नाही. शिवाय या मुलांमध्ये खालच्या जबड्यातली दुसरी उपदाढही (सुळा आणि दाढा यांच्यामधला दात) इतरांपेक्षा जास्त वेळा नसते. तिथे ना फट, ना कुणाची सुरी पोचलेली.

मेसेजात अर्धा आणा खरं आहे, तेही सांगते. टाळू शिवल्यावर व्रण धरतो आणि वरचा जबडा आत ओढला जातो, मग वरचे दात खालच्यांच्या आत बसतात. फटीशेजारच्या दाताच्या एनॅमललाही, म्हणजे वरच्या कडक आवरणालाही, शस्त्रक्रियेचा थोडा धक्का लागू शकतो. पण म्हणून टाळू न शिवता ठेवली तर बोलणं आणि गिळणं दोन्ही बिघडतं.

जादा दात उपटायची घाई कशाला? फटीच्या काठावरचं पातळ हाड बऱ्याचदा त्या दातानेच धरून ठेवलेलं असतं. कोणता ठेवायचा, कोणता कधी काढायचा हे ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्सरे, बघून ठरतं. आणि किडीचं म्हणाल तर, या मुलांच्या तोंडात ब्रश फटीजवळ येऊन थांबतो. आई घाबरते, टाका उसवेल म्हणून. तिथला दात आधीच पिवळट, खडूसारखा, त्यात अन्न अडकतं. टाके कधीच भरून आलेले असतात. लहान मऊ ब्रश घ्या आणि ओठ बोटाने वर धरून घासा.

सगळ्यात घातक वाक्य 'तारा अठरानंतर' हे. ओठ शिवला तरी हिरडीच्या आतल्या हाडाची फट बऱ्याच मुलांमध्ये तशीच असते. ती भरायला कमरेच्या हाडातला भुगा काढून तिथे भरतात, साधारण ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळ्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश बनलेलं असताना. कारण असं की सुळा खाली उतरताना त्या नव्या हाडातून वाट काढतो आणि त्याच्या वावराने ते हाड टिकतं. सुळा फटीत उतरून गेल्यावर हाड भरलं तर ते विरघळायची शक्यता वाढते, आणि शेजारच्या दाताचा आधार गेलेला असतो तो परत येत नाही. हाड भरण्याआधी आक्रसलेला जबडा रुंद करायला काही महिने लागतात. म्हणजे सातव्या-आठव्या वर्षीच दाखवायला हवं. सगळ्या तारा लगेच लागत नाहीत, बऱ्याचशा नंतर लागतात. जबड्याची शस्त्रक्रिया करायची वेळ आलीच तर तेवढी मात्र वाढ संपल्यावर.

खर्चाने अडलं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेले ओठ-टाळू आहेत, जन्मापासून १८ वर्षांपर्यंत. २०१३ साली हा कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या पालघरमध्ये. अंगणवाडीत, शाळेत तपासणीचं पथक येतं, त्यांना ओठाबरोबर दातांचंही विचारा.

त्या वडिलांना मी उलट लिहिलं: थांबायचं नाही. जुने एक्सरे घेऊन गुरुवारी सकाळी या, शाळा बुडाली तरी चालेल.