मुस्तफा आणि एकादशी

ज्यांचे नव्वदच्या दशकातले खाऊचे पैसे व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये गेले, त्यांना मुस्तफा कोण हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो : कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. त्यात गडी चार, पण आमच्या गल्लीत प्रत्येकाला टोपीवाला मुस्तफाच हवा असायचा. गेमचं खरं नाव मला फार उशिरा कळलं.

चाळिशी उलटल्यावर मी घरातच पार्लर थाटलं. सुताराकडून अठरा मिलिमीटर प्लायचं उभं कपाट करून घेतलं. माथ्यावर दिव्याची पाटी, पोटात जुना डेस्कटॉप, पुढे दोन जॉयस्टिक आणि सोळा बटणं. आई त्याला ‘खोकं’ म्हणते. बायको काहीच म्हणत नाही, ते जास्त लागतं.

पहिला महिना ते चालूच राहीना. अर्धा तास खेळलं की पडदा काळा. रॅम काढून खोडरबरने घासली (हा आपला राष्ट्रीय उपाय), पॉवर सप्लाय नवा आणला. शेवटी मागची फळी काढून आत हात घातला, तर इडलीपात्राचं झाकण उघडल्यासारखी वाफ. सुताराने हवेला फट ठेवली नव्हती, कारण मी सांगितलीच नव्हती. प्रोसेसर बिचारा भाजून निघण्याआधी आपणहून बंद पडत होता. मागे भोकं पाडली, वर पंखा बसवला. मिटलं.

मग ते बंद राहीना.

रात्री नीट शट डाऊन करून झोपावं, तर पहाटे साडेपाचला दिवाणखान्यात पाटी उजळलेली आणि गेमचा दणदणाट चालू. आईचा समज असा, की मी पहाटे उठून खेळतो. ‘‘अरे, या वेळेला लोक रामरक्षा म्हणतात.’’

वेळ इतकी नेमकी, म्हणजे कुठेतरी टायमर असणार. टास्क शेड्युलर धुंडाळला, वेक टायमर बंद केले. विंडोजमध्ये २०१२ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे. त्यात शट डाऊन केलेला कॉम्प्युटर पुरता बंद होतच नाही, अर्धा झोपतो. तोही घालवला. वीज जाऊन आली की आपोआप चालू व्हायचं, अशी एक सोय बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी जागी होणारी कॉम्प्युटरची मूळ सेटिंग्ज) असते, ती बंद केली. दुसऱ्या दिवशी साडेपाचला पुन्हा दणदणाट.

मग मी वहीत वेळा टिपायला लागलो. ५.३२, ५.२८, ५.३१ आणि मध्येच एकदा ४.५०. पंधरा दिवसांनी पुन्हा ४.५५. कॅलेंडर पाहिलं. दोन्ही दिवस एकादशी.

एकादशी पाळणारा कॉम्प्युटर म्हटल्यावर मी पहाटे सोफ्याआड दबा धरून बसलो. आई उठली. तुळशीला घालायचा पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली. गॅलरीच्या दाराची कडी काढायला दोन्ही हात लागतात, म्हणून तिने तांब्या टेकवला तो माझ्या पॅनलवर, दुसऱ्या खेळाडूच्या तीन बटणांवर. कडी काढली, तांब्या उचलला, गॅलरीत गेली. मागे पंखा गुरगुरला. ती तुळशीला प्रदक्षिणा घालेपर्यंत विंडोज उठून गेम सुरू.

सगळा उलगडा झाला. ही बटणं एका छोट्या बोर्डाला जोडलेली असतात आणि तो बोर्ड कॉम्प्युटरला आपण कीबोर्ड असल्याचं भासवतो. कॉम्प्युटर बंद असला तरी पॉवर सप्लायचं मागचं बटण चालू असेतो पाच व्होल्टचा प्रवाह आत जागा असतो. बोर्डावरचा लाल ठिपका रात्रभर पेटलेला मी रोज बघत होतो, आणि सुंदर दिसतो म्हणून सोडून देत होतो. बायोसमध्ये ‘पॉवर ऑन बाय कीबोर्ड’ चालू होतं. कुणी केलं? मीच, पहिल्याच आठवड्यात, मागे हात घालायचा कंटाळा म्हणून. वीजवाल्या सोयीच्या दोन ओळी खाली होतं. त्या पानावर मी चारदा जाऊन आलो होतो.

आईला म्हटलं, ‘‘तांब्या दुसरीकडे ठेवत जा.’’

‘‘कुठे ठेवू? कमरेच्या उंचीचं घरात दुसरं आहे काय?’’

सेटिंग बंद केलं आणि त्या रात्री निवांत झोपलो. सकाळी सातला बायकोने गदागदा हलवलं. ‘‘अहो, आज मुस्तफा का नाही वाजला? पोराचा डबा राहिला ना!’’