४० पीएसआय हवा, दोन ट्यूब आणि पहिला तास: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मॅरेथॉन माउंटन बाइक शर्यतीच्या तयारीवरच्या लेखाखाली तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरहून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की लेखातला टायरमधल्या हवेचा २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हा आकडा आपल्याकडे चालणार नाही, जांभ्या खडकावर रिम चेपेल, इकडे सगळे ४० भरतात तेच बरोबर. ट्यूबलेसवर, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या टायरवर, पैसे घालण्यापेक्षा दोन ट्यूब पाठीवर घ्याव्यात. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं म्हणजे पोट बिघडवून घेणं, पाणी आणि दोन केळी पुरतात. आणि ‘पहिला तास दम राखून’ हा सल्ला हरणाऱ्याचा आहे, कारण वाट अरुंद झाली की मागचा मागेच राहतो.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. ते वाक्य मी सरसकट लिहायला नको होतं. मॅरेथॉन प्रकारात आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अंतर ६० ते १६० किलोमीटर असतं आणि सगळे एकदम सुटतात. सुटल्यापासून दोन-तीन किलोमीटरवरच रस्ता संपून करवंदीच्या जाळ्यांतली पायवाट लागत असेल, तर तिथे रांग होणारच. पुढचा एक जण उतरून ढकलायला लागला की मागच्या सगळ्यांना उतरावं लागतं. अशा मार्गावर सुटण्याआधी २० मिनिटं अंग गरम करा, त्यात मिनिट-मिनिटभर तीनदा जोर लावा, आणि सुटल्यावर पहिली पाच-सात मिनिटं दमाची पर्वा न करता पुढच्या गटात शिरा. पायवाटेत शिरलात की मात्र श्वास खाली आणा.

पण सुरुवातीला आठ-दहा किलोमीटर रुंद मुरमाचा रस्ता किंवा लांब चढण असेल, तर माझा सल्ला जुनाच. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजन म्हणजे साठवलेली साखर असते. जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत तिचा तळ दिसतो, आणि शर्यत चार-पाच तासांची असते. पहिल्या तासात उधळलेली साखर नंतर कितीही खाल्लं तरी भरून निघत नाही. चढावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल तर वेग जास्त झालाय असं समजा. शेवटच्या टप्प्यात पोटऱ्यांत गोळे येतात तेव्हा सगळे मिठाला दोष देतात. मीठ कमी पडणं हे एक कारण असू शकतं, पण बहुतेकदा सरावापेक्षा जास्त वेगाने, जास्त वेळ स्नायू राबवल्यामुळे गोळे येतात. मिठाच्या पुड्या पाण्यात घोळून ते जात नाहीत.

आता हवेचं. इथेही चूक माझीच, पण वेगळी. २२ हा आकडा कोणासाठी, ते लेखात लिहिलंच नाही. तो आहे ७० किलोच्या माणसासाठी, २९ इंची चाकावर २.२५ इंच रुंदीच्या ट्यूबलेस टायरसाठी: पुढे २० ते २१, मागे २२ ते २४. वजनात दर दहा किलोला दीड-दोन पीएसआय वाढवा. टायर २.१ चा असेल तर आणखी दोन-तीन. आत ट्यूब असेल तर २२ कधीच नको. तिथे पुढे २८ आणि मागे ३० ते ३२ लागतात, नाहीतर दगडाची कड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. तुमच्याकडे सगळे ४० भरतात ते याच भीतीने. भीती खरी आहे, पण ४० हा तिच्यावरचा महागडा उपाय आहे.

का, ते जांबोटीकडच्या जमिनीवर लगेच कळतं. खाली फरशीसारखा कडक जांभा आणि वर वाटाण्याएवढी सुटी, गोल खडी. कडक टायर जमिनीला जेमतेम टेकतो, खडी त्याच्याखाली मण्यांसारखी घरंगळते आणि वळणावर पुढचं चाक निसटतं. शिवाय प्रत्येक दगडावर टणक चाक तुम्हाला सायकलसकट उचलतं. त्या उचलण्याची ताकद तुमच्या पायांतूनच जाते. मऊ टायर तोच दगड पोटात घेतो आणि पुढे जातो. डांबरावर ४० वेगवान वाटतं, म्हणून फसायला होतं.

स्वतःचा आकडा काढायची पद्धत अशी. येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या उतारासारखा दगड-मुरमाचा एखादा किलोमीटरभराचा तुकडा निवडा. ट्यूबलेस टायरमध्ये मागे २६ भरून सुरू करा, दर फेरीला एक पीएसआय कमी करा. रिम दगडाला लागल्याचा ‘ठक्क’ आवाज एकदा आला की थांबा आणि तिथून दोन वाढवा. तोच तुमचा शर्यतीचा आकडा. हवा मोजायचं यंत्र दर वेळी तेच वापरा, कारण उभ्या पंपावरचे काटे २५ च्या खाली बरेचदा भरवशाचे नसतात. पहाटेच्या गारव्यात भरलेली हवा अकराच्या उन्हात एक-दोन पीएसआयने चढते, हेही धरून चाला. (सरावासाठी कणकुंबीकडे जात असाल तर लक्षात ठेवा, तिथलं भीमगडचं जंगल २०११ पासून अभयारण्य आहे. आतल्या वाटांवर परवानगीशिवाय सायकल घालू नका.)

दोन ट्यूबच्या मुद्द्यावर मात्र मी तसूभरही मागे येणार नाही, आणि कारण तुमच्याच भागातलं आहे. संकेश्वर, हुक्केरी, गोकाककडच्या पाणंदींवर सराटे आणि वेडी बाभूळ. सराट्याच्या एका पट्ट्यातून गेलं की दोन्ही चाकांत मिळून दहा-बारा काटे सहज बसतात. दोन ट्यूब म्हणजे दोन पंक्चरची सोय. ट्यूब बदलायला सवय असलेल्या माणसालाही सहा-सात मिनिटं लागतात. सिलंट (छिद्र आतून बुजवणारा द्रव) भरलेल्या ट्यूबलेस टायरला तोच काटा लागला तर तुम्हाला कळतसुद्धा नाही.

सिलंटचं माप: अशा काटेरी रानासाठी २९ इंची टायरला १०० ते १२० मिली. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाशी धरून हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला नाही तर भरा. टायर रिमवर बसवायला महागडा पंप लागत नाही. टायर आणि रिम दोन्ही ट्यूबलेसचे असले आणि रिमवर टेप नीट लावलेली असली की गावातल्या मोटारसायकल पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर पुरतो. फक्त सायकलच्या बारीक व्हॉल्व्हवर बसणारी पितळी टोपी स्वतः घेऊन जा, दुकानात ती नसते. टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचं टोक सैल करून त्यावर टोपी बसवा, एकदम हवा सोडा. दोन्ही बाजूंना ‘फट्’ असा आवाज आला की कड बसली. रिमवर कमाल दाब छापलेला असतो. दुकानदाराला तो आधी दाखवा, कारण त्याचा हात मोटारसायकलच्या दाबाला बसलेला असतो.

मोठं छिद्र पडलं आणि फेस येत राहिला, तर चाक फिरवून छिद्र खाली आणा, सिलंटला पाचेक सेकंद द्या. तरी थांबलं नाही तर सुईत ओवलेली रबरी पट्टी आत ढकला, दोन्ही टोकं सेंटीमीटरभर बाहेर राहू द्या, सुई झटक्यात ओढा, हवा भरा. हे सगळं मिनिटात होतं. गॅसची १६ ग्रॅमची नळी एवढ्या जाड टायरला जेमतेम पुरते, म्हणून हातपंपही हवा. आणि रुतून बसलेला, पण हवा न जाणारा काटा वाटेत उपटू नका.

तरीही एक ट्यूब घ्यायचीच, कारण बाजूची भिंत चिरली तर पट्टी टिकत नाही. इथे बहुतेक जण फसतात. ट्यूबलेस टायरच्या आत महिनोन्‌महिने अडकलेल्या काट्यांची टोकं उभी असतात. सिलंटमुळे ती आजवर जाणवलेली नसतात. घाईत ट्यूब आत टाकली की पहिल्या शंभर मीटरमध्ये ती जाते आणि वाटतं ट्यूबच खराब होती. म्हणून टायरच्या आत हातमोज्यानिशी नाही, उघड्या बोटाने, हळू, पूर्ण गोल फिरवून प्रत्येक टोक शोधा आणि बाहेरून ढकलून काढा. चिरलेल्या जागी आतून जुन्या टायरचा दोन-तीन इंची तुकडा लावा. आणि ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह ज्या चकतीने आवळतो ती घरी पक्कडने आवळून ठेवू नका. रानात ती बोटांनी सुटली नाही तर ट्यूब घालताच येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पावसाळ्यानंतरच्या शर्यतींसाठी काळ्या मातीचं सांगायलाच हवं. जिल्ह्याच्या पश्चिमेकडची तांबडी माती निसरडी असते, पण चाक फिरत राहतं. तिच्यातली बारीक वाळू ब्रेकचे साधे रेझिनचे पॅड मात्र एका ओल्या दिवसात खाऊन टाकते, म्हणून तिथे धातुमिश्रित पॅड घाला आणि वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू दाबून ते आधी बसवून घ्या. पूर्वेकडची काळी माती ओली असताना टायर आणि फ्रेमच्या मधे इतकी भरते की चाक जाम होतं. तशात सायकल ढकलली की पन्नास पावलांत आणखी घट्ट. खांद्यावर घ्या, बांधावरच्या गवतातून चाला, बोटभर जाडीची काडी जवळ ठेवून माती काढा. जोर लावून पॅडल मारलंत तर मातीचा गोळा डिरेल्युअरला (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाला) ओढतो आणि तो ज्यावर लटकतो तो हँगर मोडतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, मित्राचा चालत नाही. आपल्या फ्रेमचा एक जादा आणि चेनच्या दोन जोडकड्या खोगिराखालच्या पिशवीत असू द्या. मॅरेथॉनमध्ये बाहेरची मदत नेमून दिलेल्या जागीच घेता येते, मधे सगळं तुमच्याच हातांनी.

खाण्याचं. दोन मोठी केळी म्हणजे फार तर ५०-६० ग्रॅम कर्बोदकं, पाच तासांना मिळून. आतडं तासाला साधारण ६० ग्रॅम ग्लुकोज शोषू शकतं. साखरेत अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज असतं आणि दोघांची शोषली जाण्याची वाट वेगळी, म्हणून साधी साखर छान चालते. एक लिटर पाणी, ८० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, एक लिंबू. साखर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, अंदाजाने नको. यातलं अर्धा लिटर तासाला, म्हणजे ४० ग्रॅम, आणि वर एक लहान केळं किंवा तीन-चार खजूर. उन्हात नुसतं पाणी वेगळं वाढवा. गूळ वापरायचा तर विरघळवून फडक्यातून गाळा, त्यातला गाळ बाटलीच्या तोंडात अडकतो.

पोट बिघडतं हे तुमचं निरीक्षण खोटं नाही. दोन तास काही न खाता साखरेच्या घट्ट जेलच्या तीन पुड्या एकदम घशाखाली घातल्या, किंवा सुरुवातीलाच जीव तोडून चालवलं आणि रक्त पायांकडे गेलं, की बिघडतं. आतड्यालाही सराव लागतो. लांब फेऱ्यांवर पहिले दोन आठवडे तासाला ३० ग्रॅम, पुढचे दोन ४५, मग ६०. घड्याळात २० मिनिटांचा गजर लावा आणि भूक नसली तरी घोट घ्या. शर्यतीच्या तीन तास आधी इडली किंवा कमी तिखटाचे पोहे. कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, शर्यतीनंतर, त्यातलं दूध-तूप पोटात बराच वेळ बसतं.

मूळ लेखात हवेच्या आकड्यापुढे आता वजन आणि टायरची रुंदी घातली आहे, ‘पहिला तास’ असलेला परिच्छेदही बदलला आहे. तुमचं वजन, टायरवर छापलेलं माप आणि रिमवरची कमाल मर्यादा कळवा. सराट्याच्या वाटेसाठी आणि जांभ्यासाठी वेगवेगळे आकडे इथेच लिहून देतो.