मामांनी माझा कॉम्प्युटर दुरुस्त केला म्हणे

आज सकाळी दूध घालता घालता दूधवाल्यानं विचारलं, "काय सर, मामांनी तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त केला म्हणे?" रात्री साडेअकराची गोष्ट, सकाळी सहाला बेळगावच्या अख्ख्या टिळकवाडीत.

झालं ते एवढंच. दुसऱ्या रेल्वे गेटात अडकलो असताना मोबाईलवर 38 सेकंद शूटिंग केलं होतं. पायथॉन भाषेत ओपनसीव्ही (चित्रं ओळखणारी तयार हत्यारं) लावून त्यातल्या गाड्या मोजायच्या, प्रत्येकीभोवती हिरवी चौकट काढायची आणि तो व्हिडिओ ज्युपिटर नोटबुकमध्येच, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या पानावरच, चालवून वर्गात पोरांना दाखवायचा. गाड्या मोजून झाल्या (एक म्हैस ट्रक म्हणून मोजली गेली, ते जाऊ दे). व्हिडिओ काही चालेना. काळी चौकट, खाली प्लेचं बटण, आणि 0:00. एरर नाही, काही नाही. अरे निदान शिव्या तरी घाल!

पहिला तास पत्त्यात गेला. मी फाईलचा पूर्ण पत्ता दिला होता, होमपासून शेवटच्या फोल्डरपर्यंत, पण नोटबुक माझ्याच लॅपटॉपवर असलं तरी ब्राउझरच्या लेखी ती वेबसाईटच, 8888 नंबरच्या दारातनं येणारी, आणि ज्या फोल्डरमधनं ज्युपिटर सुरू केलं त्याच्या बाहेरचं तो सर्व्हर काही देत नाही. लॅपटॉप माझा, फाईल माझी, आणि आतल्या आत मलाच 404, म्हणजे 'फाईल नाही'. बरं, फाईल नोटबुकशेजारी आणून ठेवली, नुसतं नाव दिलं. तरी काळं. मग एम्बेड ट्रू केलं, म्हणजे अख्खा व्हिडिओ बेस64 करून (साध्या अक्षरांत लिहून) नोटबुकच्या पोटातच घालायचा. त्यात तो एक तृतीयांशानं फुगतो, 42 एमबीचा 56 झाला, लॅपटॉप धापा टाकायला लागला. आणि व्हिडिओ? काळाच.

मामा नऊ वाजताच आले होते, लाईट बिलाची प्रिंट काढायला. मामा म्हणजे शेजारचे, रिटायर्ड टीव्ही मेकॅनिक. आता कुणी टीव्ही दुरुस्त करून घेत नाही त्यामुळं त्यांचे हात शिवशिवत असतात, चष्मा कपाळावर ढकलून ते जे खुर्ची ओढून बसले ते उठायचं नावच नाही.

"काय करुलालास?"

"व्हिडिओ लागत नाही, मामा."

"आवाज येतोय काय?"

"शूटिंगला आवाजच नाही, मामा."

"मग पिक्चर ट्यूब गेली."

लॅपटॉपला पिक्चर ट्यूब नसते हे सांगण्यात पाच मिनिटं गेली. मग त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवर एक थाप मारली, अगदी मायेनं, जशी म्हशीच्या पाठीवर मारतात. मी काही बोललो नाही. नारंगी टोपीवाल्या व्हीएलसी प्लेअरात तीच फाईल लावून दाखवली, ती मख्खनसारखी चालली.

"मग ह्यातच बघ की गा."

"मला नोटबुकमध्ये दाखवायचाय."

"वहीत?"

आता ह्याला काय सांगणार! मी तोंड फिरवलं तर मामा मागनं सुरूच. "एकदा एक गिऱ्हाईक आलं बघ, शहापूरचं. भाऊ अमेरिकेला, तिकडनं लग्नाची क्यासेट पाठवलेला. व्हीसीआरमध्ये घातली तर नवरी काळीपांढरी, आणि चित्र वरखाली पळुलालंय. चार मेकॅनिकांनी हेड साफ करून दिलं, पैसे घेतले. मी नुसतं बघितलो आणि म्हटलो, क्यासेट तीच असतीय गा, सिस्टीम वेगळी! आमचं पाल, त्यांचं एनटीएससी. तुझं तसंच काहीतरी हाय बघ."

मी "हं हं" म्हणत होतो आणि बोटं थांबली.

कारण तसंच होतं! एमपी4 हा नुसता डबा. आत भाजी कुठली ते डब्यावरनं कळत नाही. मी ओपनसीव्हीला एमपी4व्ही सांगितलं होतं, म्हणजे व्हिडिओ आवळून ठेवायची जुनी पद्धत, एमपेग-4 पार्ट 2, ते ब्राउझर खात नाही, त्याला एच.264सारखी नवी पद्धत लागते. बेळगावात जन्म काढून हे सुचू नये? दुकानावर पाटी कन्नड, शेठ भाव मराठीत सांगणार, पावती इंग्रजीत, 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यापासून हेच बघतोय आम्ही. बाहेरची पाटी बघून आतली भाषा ठरवू नये हे इथलं शेंबडं पोर सांगेल. तरी मी डॉट एमपी4 बघून अडीच तास घालवले.

एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओची पद्धत बदलणारा प्रोग्रॅम, त्याची एक ओळ, त्यात लिबएक्स264 (एच.264 बनवणारा) आणि वाययूव्ही420पी (ब्राउझरला चालणारा रंगांचा साचा). दहा सेकंदांत व्हिडिओ चालू, म्हशीसकट. टाळी मामांनी वाजवली, स्वतःसाठीच.

पण राग आहेच. व्हीएलसी मुकाट सगळं गिळतो आणि हा ब्राउझर, "ही भाषा मला येत नाही" एवढं म्हणायला याची जीभ झिजते? सरकारी खिडकीवरचा माणूससुद्धा निदान हात हलवून "नंतर या" म्हणतो. आणि हे सगळं रात्री, घरच्या लाईटवर, कॉलेज याचा एक रुपया देत नाही. वर श्रेय कुणाला, तर पिक्चर ट्यूब गेली म्हणणाऱ्याला.

आता साडेसात वाजलेत. बेल वाजली म्हणून दार उघडलं तर मामा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बुरशी धरलेली व्हीएचएस क्यासेट, वर पेनानं लिहिलंय 'बारसे'.

"हेला पण ते दोनशे चौसष्ट कर की. आणि बिलाची प्रिंट राहिली बघ काल."