बुरख्याची चर्चा आणि मुलीचे कागद

मुस्लिम मुलींविषयी आपल्याकडे बोलणे निघाले की ते डोक्यावरच्या कापडापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. मी अकोला-वाशीमकडच्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, स्वतः मुस्लिम आहे, आणि दरवर्षी जून-जुलैत अशा कितीतरी मुली माझ्यासमोर बसलेल्या असतात ज्यांचे पुढे काय होणार हे त्या आठवड्यात ठरत असते. माझे म्हणणे असे आहे की आमच्या मुलींचे आयुष्य ज्या कागदांवर ठरते, त्यांवर काय लिहिले जाते, ते कोण लिहिते आणि सही करण्यापूर्वी मुलीला ते वाचायला मिळते की नाही, याकडे घरच्यांचे, समाजाच्या पुढाऱ्यांचे आणि बाहेरून कळवळ्याने बोलणाऱ्यांचेही लक्ष नाही.

कापडाविषयी आधी बोलते, कारण ते टाळून पुढे गेले तर मी पळवाट काढली असे वाटेल. कर्नाटकातल्या उडुपीच्या महाविद्यालयातून निघालेला हिजाबचा वाद २०२२ मध्ये आमच्या एसटी स्टँडपर्यंत पोहोचला होता. १५ मार्चला कर्नाटक उच्च न्यायालयाने वर्गातील हिजाबबंदी कायम ठेवली आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते परस्परविरुद्ध पडली. त्यांपैकी न्या. सुधांशू धुलिया यांनी खेड्यातल्या मुलीची आठवण ठेवली होती. शाळेत जाण्यापूर्वी तिला घरचे काम आवरावे लागते, तिच्या वाटेत आधीच इतक्या अडचणी आहेत, मग आपण तिचे आयुष्य थोडे तरी सुधारतो आहोत का, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या सगळ्या गदारोळात मुलीच्या बाजूने विचारलेला हाच प्रश्न मला मोलाचा वाटतो. माझ्या वर्गात बुरखा घालून येणाऱ्या, आल्यावर तो काढून स्कार्फ ठेवणाऱ्या आणि डोक्यावर काहीच न घेणाऱ्या मुली एकाच बाकावर बसतात. काहींसाठी ती इबादत, म्हणजे उपासना आहे, काहींसाठी घराबाहेर पडण्याची अट आहे, आणि बऱ्याच जणींना या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवता येत नाहीत. त्यांनी त्या दाखवाव्यात असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ज्या मुली रमजानमध्ये सहरीला, म्हणजे पहाटेच्या जेवणाला उठून, रोजा ठेवून, दुपारच्या उन्हात एसटीने घरी परततात, त्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही आणि त्यांच्या जिद्दीविषयीही नाही. त्यांची गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. गावातली जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवी-आठवीपर्यंत असते. पुढे तालुक्याला जावे लागते, माध्यम बदलते आणि घरची अट एकच असते, की दिवेलागणीच्या आत घरी. मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने आणि अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासने आमच्या भागातल्या मुलींसाठी जे केले ते कोणत्याही भाषणाने केलेले नाही. म्हणूनच संध्याकाळची एक फेरी बंद झाली की एखाद्या गावातल्या साऱ्या मुलींचे अकरावीचे नाव कमी होते, आणि त्याची बातमी कुठेही येत नाही.

या कागदांतला पहिला म्हणजे जातीचा दाखला. इस्लाम जात मानत नाही हे खरे आहे. तरीही मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी, तांबोळी अशा बिरादऱ्या आमच्यात आहेत आणि त्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीतही आहेत. जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्यातल्या शिक्षणाच्या भागाला अडवले नाही, पण अध्यादेशाची मुदत संपली आणि कायदा झालाच नाही. त्यामुळे आज आमच्या गरीब मुलीसाठी राखीव जागेची मुख्य वाट बिरादरीच्या दाखल्यातूनच जाते, आणि त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो.

मागच्या उन्हाळ्यात बारावी विज्ञान झालेली एक विद्यार्थिनी आजोबांचा शाळेचा दाखला घेऊन माझ्याकडे आली. कागद पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, मागून टेपने चिकटवलेला. जातीच्या रकान्यात वळणदार अक्षरात एकच शब्द होता, ‘मुसलमान’. सेतू केंद्रातून तो परत आला होता. मग पणजोबांच्या नावाने कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या नकलेसाठी अर्ज झाला, शाळेचे जुने दाखल-खारीज रजिस्टर पाहिले गेले आणि अखेर पणजोबांच्या धाकट्या भावाच्या मुलाच्या जन्माच्या नोंदीत ‘मोमीन’ असा उल्लेख सापडला. पुढे नाते सिद्ध करण्यासाठी वंशावळ आणि प्रतिज्ञापत्र लागले. वडील बाजार समितीत हमाली करतात, त्यांना रोजी बुडवून कचेरीत बसणे शक्य नव्हते; म्हणून हे सगळे त्या मुलीने स्वतः केले. या निमित्ताने आपल्या घरात एके काळी हातमाग होता, हे तिला आजीकडून प्रथमच कळले. सुरुवातीला तिच्या आईने मला स्पष्ट विचारले होते, “लड़की कचेरी में जाएगी तो लोगां क्या बोलेंगे, आपा?” लोक बोलले, आणि दाखला हातात आल्यावर त्यांतल्याच काहींनी आपल्या मुलींचे कागद तिच्याकडे पाठवले.

बाकीचे आधार एकेक करून निघून गेले आहेत. २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती थांबली, त्याच वर्षी संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद झाली आणि बेगम हजरत महल शिष्यवृत्ती, जी अकरावी-बारावीच्या मुलीला वर्षाला ६,००० रुपये देत होती, तीही राहिली नाही. ज्या घरात हा पैसा मुलीच्या नावाने येत होता, तिथे तिच्या शिक्षणाला एक किंमत होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. यवतमाळच्या ऑटोरिक्षाचालकाची मुलगी अदिबा अनम केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या परीक्षेत देशात १४२ वी आली, तेव्हा आमच्या मुलींच्या मोबाइलच्या स्टेटसवर तिचाच फोटो होता आणि त्याचा मला मनापासून आनंद झाला. पण ज्या पुढाऱ्यांनी तिच्या सत्काराचे फलक लावले, त्यांतल्या कोणी या बंद पडलेल्या शिष्यवृत्त्यांसाठी साधे निवेदन दिल्याचे मला आठवत नाही.

आता घरातल्या गोष्टीकडे येते, आणि हे आमच्या दीनदार, म्हणजे धर्मनिष्ठ वडीलधाऱ्यांना उद्देशून आहे. कुराणातल्या सूरह निसामध्ये आई-वडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत, ती थोडी असो वा जास्त, स्त्रीचा हिस्सा ठरवून दिला आहे. भावाच्या निम्मा का होईना, तो अल्लाहने फर्ज, म्हणजे बंधनकारक केलेला आहे. तरीही अब्बांच्या इंतकालनंतर सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली की काही महिन्यांतच बहिणींना एका दिवसासाठी माहेरी बोलावले जाते, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या-अंगठे घेतले जातात, आणि एखादी साडी किंवा ड्रेस देऊन बस स्टँडवर सोडले जाते. कुणब्याच्या आणि माळ्याच्या घरीही हेच घडते, हे मला ठाऊक आहे. फरक इतकाच की आम्ही मुलीच्या ओढणीसाठी ज्या किताबचा हवाला देतो, त्याच किताबमध्ये तिचा हिस्सा लिहिलेला आहे. ओढणी घसरली तर मोहल्ला टोकतो, हिस्सा बुडाला तर कोणी ब्र काढत नाही. बहिणीने स्वतःहून सोडले तर तिची मर्जी. पण सही न करणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते, हे माहीत असताना त्या सहीला मर्जी म्हणणे मला मान्य नाही.

निकाहनाम्याचे, म्हणजे लग्नाच्या कराराच्या कागदाचे तर याहून वाईट आहे. आमच्याकडे निकाहच्या दिवशी वकील (मुलीची कबुली घेणारा प्रतिनिधी) आणि दोन गवाह बायकांच्या खोलीत येतात, रजिस्टर पुढे होते, कोणीतरी पेन हातात देते, मामी बोटाने जागा दाखवते आणि मुलगी सही करते. मेहरची, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम तिने ऐकलेली असते, ठरवलेली नसते. सज्ञान मुलीच्या कबुलीशिवाय निकाह होत नाही, मेहर हा फक्त तिचा हक्क आहे, आणि हनफी फिकहनुसार, म्हणजे आमच्याकडे पाळल्या जाणाऱ्या इस्लामी धर्मशास्त्रानुसार, निकाहनाम्यात अटी घालता येतात, इतकेच नव्हे तर पतीकडून तलाकचा अधिकार स्वतःकडे घेण्याची तफवीजची सोयही आहे. शिक्षण पूर्ण करू देणे, नोकरीला आडकाठी न करणे, दुसरा निकाह न करणे, हे सारे त्या कागदावर लिहिता येते. २२ ऑगस्ट २०१७ चा तीन तलाकवरचा निकाल आणि २०१९ चा कायदा या दोन्हींची गरज घर मोडताना पडते. निकाहनामा घर मांडताना हातात असतो, आणि अटींचा रकाना आमच्या गावांत कोराच राहतो, कारण तो असतो हेच मुलीला माहीत नसते.

बारावीचा निकाल लागण्याआधीच ज्यांचे रिश्ते पक्के झाले आहेत अशा मुली यंदाही माझ्या वर्गात आहेत. त्यांच्यापैकी काहींना लग्न हवे आहे, काहींना नको आहे आणि काहींना शिक्षण आणि लग्न दोन्ही हवे आहे. ते त्यांनी ठरवावे. निकाहच्या किमान आठ दिवस आधी कोरा निकाहनामा मुलीच्या हातात द्यावा, मेहर आणि अटी तिने स्वतः वाचून, समजून, भराव्यात आणि काझीसाहेबांनी तसे झाल्याची खात्री करूनच तारीख द्यावी, असा अर्ज मी आमच्या जमातीकडे, म्हणजे गावातल्या मुस्लिम समाजाच्या मंडळाकडे लेखी दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. ज्यांना तोच मजकूर आपल्या गावातल्या जमातीकडे द्यायचा असेल त्यांनी कळवावे, मी तो उर्दू आणि मराठी दोन्हींत टाइप करून ठेवला आहे.