नक्कल कुणाची?

‘रोमान्सिंग द स्टोन’ हा हॉलिवूडपट म्हणजे इंडियाना जोन्सच्या साहसपटांची स्वस्तातली नक्कल, हे तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. चित्रपट १९८४ चा असला तरी डायन थॉमसची पटकथा निर्माता-अभिनेता मायकल डग्लसने १९७९ मध्येच विकत घेतली होती. इंडियानाचा पहिला चित्रपट आला १९८१ मध्ये! शिवाय ही डायन तेव्हा वेट्रेसचं काम करायची, याचा लेखात उल्लेखही नाही.

आणि खरी गंमत चित्रपटात सगळे ज्याच्या मागे धावतात त्या पाचूत नाहीच. कोलंबियाच्या जंगलात नायक गडी नायिका जोनच्या बुटांच्या उंच टाचा कोयत्याने खटाखट उडवतो, तेव्हा तिचं तोंड बघा. राजमाचीच्या चिखलात माझ्या नव्या सँडलचा पट्टा तुटला, तेव्हा रडायचं सोडून मी तोच प्रसंग आठवून हसत सुटले होते.