ग्लुकोजने ‘झोपलेला’ मेंदू जागा होत नाही

नीटचा पेपर जवळ आला की लातुरातल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा चौघांनी मला तो पाठवला, “मॅडम, खरंय का हे?” असं विचारत. मेसेज असा: माणूस १० टक्केच मेंदू वापरतो, बाकीच्या पेशींची दारं बंद असतात, पेपरआधी उपाशीपोटी चार चमचे ग्लुकोज घेतलं की ती उघडतात आणि मेंदूची ताकद दुप्पट होते. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. हे पोरांच्या जिवाशी खेळणं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

“९० टक्के मेंदू झोपलेला.” मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण नुसते बसलेलो असतानाही शरीराची २० टक्के ऊर्जा त्याला लागते. ती जाते कुठे? विहिरीतला गाळ काढताना पाहिलं असेल. तळाला झरे चालू असतात, म्हणून मोटर बंद करता येत नाही. केली की माणसं गुडघाभर पाण्यात. चेतापेशीचं, म्हणजे मेंदूतल्या संदेश नेणाऱ्या पेशीचं, अगदी तसंच. तिच्या पटलावर, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणावर, प्रथिनांच्या वाहिन्या असतात. त्या उघडल्या की सोडियम आत शिरतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि संदेश पुढे सरकतो. संदेश नसला तरी थोडी झिरप असतेच. ती उपसायला पटलावरच पंप आहे: एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चात ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कू यांना १९५७ साली हा पंप खेकड्याच्या पायातल्या नसांत सापडला. १९९७ साली त्यांना नोबेल मिळालं. मेंदूच्या ऊर्जेतला निम्म्याच्या आसपास वाटा या उपशावरच जातो. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो, पंप थांबतात, सोडियमपाठोपाठ पाणी भरून पेशी सुजतात. ९० टक्के मेंदू बिनकामाचा असता, तर बहुतेक पक्षाघात कुणाला कळलेही नसते.

“साखरेने दारं उघडतात.” संदेशाच्या वाहिन्या उघडतात त्या विद्युतदाबाने किंवा शेजारच्या पेशीने सोडलेल्या रसायनाने. ग्लुकोज त्यांतून जातच नाही. त्याला नेणारी प्रथिनं वेगळी: केशवाहिन्यांच्या भिंतीत ग्लुट-१, चेतापेशींवर ग्लुट-३. ती इन्सुलिनची वाट पाहत नाहीत, आणि रक्तातली साखर नेहमीसारखी असेल तर मेंदूला लागेल तेवढं ग्लुकोज पोचवतात. रात्रभर पोट रिकामं असलं तरी यकृत साठ्यातलं सोडत राहतं. साखरेशी नातं असलेली एक वाहिनी स्वादुपिंडात आहे खरी. पण ग्लुकोज वाढून एटीपी वाढलं की ती बंद होते, आणि त्यामुळे इन्सुलिन सुटतं. म्हणजे मेसेजच्या नेमकं उलट.

“ताकद दुप्पट.” १९५५ साली अमेरिकी शास्त्रज्ञ सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी माणसांना मनातल्या मनात गणितं करायला लावून मेंदू किती ऑक्सिजन वापरतो ते मोजलं. एकूण वापर वाढला नाही. मोटर आधीच चालू होती.

मधुमेहाच्या औषधाने कुणाची साखर ७० च्या खाली गेली तर ग्लुकोज जरूर द्या. तिथे तो उपचार आहे.

गेल्या वर्षी औशाकडची माझी एक विद्यार्थिनी मे महिन्याच्या उन्हात, पोटात फक्त ग्लुकोजचं पाणी घेऊन केंद्रावर पोचली आणि गेटजवळच तिला उलटी झाली. यंदा धाकट्याचा पेपर आहे. तिच्या आईने विचारलं, “मग मॅडम, काय देऊ त्याला?” मी म्हटलं, पेपर दोनला आहे ना, मग साडेअकराला रोजचीच भाकरी आणि वरण द्या, ताई. आणि गेटपर्यंत पाण्याची बाटली.